दिवसांचा हिशेब



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा मी ‘दिवसांचा हिशेब’ असे लिहून दिले. त्यांना वाटले, कामगार संघटनेचा माणूस, हजेरीचा आणि मजुरीचा हिशेब सांगेल. मागाहून मी खुलासा केला तेव्हा ते जरा घुटमळले आणि म्हणाले, “या विषयावर एखाद्या डॉक्टरीणबाईंना बोलावले तर?” त्यांचे म्हणणे रास्त होते. डॉक्टरीणबाई माझ्याहून पुष्कळ अधिक जाणतात, आणि मी जे आज सांगणार आहे ते अशाच दोघीतिघींपाशी बसून, पुस्तके चाळून, शिकलेले आहे. माझी शाळा सातवीत सुटली. परंतु ऊसतोडीच्या फडात डॉक्टरीणबाई येत नाहीत, आणि माझा गेली तीस वर्षे तोच रस्ता आहे. कोपीच्या दाराशी एखादी बाई पदर सावरीत उभी राहते, बराच वेळ बोलत नाही, आणि मग म्हणते, “आबा, अडचण झालीया.” ती अडचण म्हणजे काय हे मला आता विचारावे लागत नाही.

तेव्हा विषय हा : बाईला दिवस गेले आहेत की नाहीत, गेले असल्यास किती, आणि मग तिच्यापुढे कोणकोणते मार्ग उघडे आहेत. पुरुषांनी उठून जाण्याचे कारण नाही. उलट आज मला जे सांगावयाचे आहे त्यातले निम्मे पुरुषांसाठीच आहे.

आम्ही संघटनेची माणसे मोजण्यात हुशार. टोळीने किती टन ऊस तोडला, वजनकाट्यावर किती मारला, उचल किती फिटली, मुकादमाने कमिशन किती कापले, हे सारे आमच्या वहीत असते. त्याच टोळीत जोडीने राबणाऱ्या बाईच्या अंगात दुसरा एक हिशेब चाललेला असतो. तो कोणाच्याच वहीत नाही. पुष्कळदा तिच्याही नाही. आणि तिचा सारा पुढचा रस्ता त्या हिशेबावर ठरतो. दोन आठवडे इकडचे तिकडे झाले तर गोळीने होणारे काम शस्त्रक्रियेवर जाते, तालुक्याच्या गावी होणारे जिल्ह्याला जाते, आणि कायद्याने मिळणारे मिळेनासे होते.

डॉक्टर दिवस कसे मोजतात ते आधी पाहू. ते मोजतात शेवटची पाळी ज्या दिवशी सुरू झाली त्या दिवसापासून. पाळी चुकली त्या दिवसापासून नव्हे, आणि गर्भ राहिला त्या दिवसापासूनही नव्हे. कारण सोपे आहे : गर्भ कोणत्या रात्री राहिला हे कोणालाच नक्की ठाऊक नसते, पाळी आल्याचा दिवस मात्र बाईला ठाऊक असतो. जर्मनीतील हायडेलबर्गच्या विद्यापीठात नेगेले नावाचे प्राध्यापक होऊन गेले. त्यांच्या नावाचा नियम दोनशे वर्षांनंतर आजही चालतो. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवा, की बाळंतपणाची अंदाजी तारीख आली. १० ऑगस्टला पाळी आली असेल तर १७ मे. मोजून पाहा, बरोबर २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे भरतात. आता आपल्या आजीबाई काय म्हणतात? नऊ महिने नऊ दिवस. हायडेलबर्गचा प्राध्यापक आणि आपली आजीबाई यांच्यात फरक दोन दिवसांचा! मी हे प्रथम वाचले तेव्हा मला मोठी गंमत वाटली होती.

या पद्धतीत एक खोच आहे. पाळी येते आणि त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी गर्भ राहतो. म्हणजे डॉक्टरांच्या हिशेबातले पहिले दोन आठवडे बाई गरोदर नसतेच. ही गोष्ट कोणी समजावून सांगत नाही, आणि त्यातून संसार मोडायची पाळी येते. मालट्रकवरचा एक चालक दोन महिने बाहेर राहून दसऱ्याला घरी आला. दसऱ्यानंतर सहा आठवड्यांनी बायकोला तालुक्याच्या दवाखान्यात नेले, तर चिठ्ठीवर लिहून आले, ‘आठ आठवडे’. त्याने बोटे मोजली. आठ आठवड्यांपूर्वी तर आपण परमुलुखात होतो! घरी आल्यावर काय झाले असेल ते सांगत नाही. सासूनेही त्यात तेल ओतले. प्रकरण आमच्या कार्यालयात आले ते ‘सोडचिठ्ठीचा कागद करून द्या’ म्हणून. मी भिंतीवरचे कालनिर्णय काढून जमिनीवर पसरले आणि त्याच्याच हाताने त्याला मोजायला लावले. दसऱ्याच्या दोन आठवडे आधी तिची पाळी, दसऱ्याला हा घरी, आजपर्यंत झाले सहा, पाळीपासून धरले तर आठ. चिठ्ठी त्याच्याच बाजूने बोलत होती. तो गडी बराच वेळ कालनिर्णयाकडे पाहत बसला. चिठ्ठी लिहिताना त्या डॉक्टरसाहेबांनी ‘पाळीपासून’ हा एक शब्द जास्त लिहिला असता तर एवढे झाले नसते.

आता आपल्या बायकांचा हिशेब कोठे घसरतो ते सांगतो. पुष्कळजणी पाळी चुकल्यापासून मोजतात. ‘तीन महिने झाले’ असे बाई म्हणते तेव्हा ते चुकल्यापासूनचे तेरा आठवडे असतात. डॉक्टरांच्या हिशेबाने ते सतरा झालेले असतात. दुसरी गोष्ट, आपण चालू महिना बोलतो. ‘पाचवा लागला’ म्हणजे चार सरले, सुमारे साडेसतरा आठवडे. ‘पाचवा सरत आला’ म्हणजे एकवीस-बावीस. शब्द एकच, ‘पाचवा’, आणि कायद्याची विसाव्या आठवड्याची रेघ नेमकी त्या शब्दाच्या पोटातून जाते. म्हणून माझे सांगणे आहे की महिना बोलू नका, आठवडे बोला, आणि त्याहून बरे म्हणजे तारीख सांगा.

तारीख पाठ नसेल तर सण आठवतो. ‘नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी बाजूला बसले होते’ हे वाक्य सोन्याच्या मोलाचे आहे, कारण नागपंचमीची तारीख पंचांगात सापडते. पण नुसता महिना सांगितला तर धोका. २०२३ साली अधिक श्रावण आला होता, १८ जुलैला सुरू झाला आणि १६ ऑगस्टला संपला, आणि त्याच्यापुढे निज श्रावण. त्या साली ‘श्रावणात आली होती’ म्हणणाऱ्या बाईला ‘कोणता श्रावण?’ असे न विचारणाऱ्याने चार आठवड्यांची चूक केली असेल. २०२६ साली ज्येष्ठ अधिक. तेव्हाही हेच.

आणि काहीजणींना तारीखच नसते. अंगावर पाजणारी बाई घ्या. बाळंतपणानंतर पाळी आलेलीच नाही, म्हणून ती निर्धास्त असते. परंतु पहिली पाळी येण्याच्या आधीच दिवस जाऊ शकतात, विशेषतः मूल सहा महिन्यांचे होऊन वरचे खाऊ लागले म्हणजे. ज्या बायका तीन महिन्यांचे इंजेक्शन घेतात त्यांचीही पाळी लांबते किंवा बंद होते. शिवाय गर्भ रुजताना कधी थोडे अंगावर जाते आणि बाई त्यालाच पाळी समजते. मग पुढचा सारा हिशेब महिन्याने चुकतो. म्हणून पाळी आली एवढेच न पाहता, ती नेहमीसारखी आली काय, हे विचारावे.

अशा वेळी दुसरे उपाय आहेत. पाळी चुकली की सकाळच्या पहिल्या लघवीची पट्टीवर तपासणी. सरकारी पट्टीचे नाव ‘निश्चय’, ती आशाताईंकडे असते. पट्टी होय की नाही एवढेच सांगते, किती ते सांगत नाही. अनुभवी परिचारिका पोटावर हात ठेवून सांगते : बाराव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाशय ओटीपोटाच्या हाडावर हाताला लागते, विसाव्याच्या आसपास बेंबीशी येते. पोटात हालचाल कळते ती पहिलटकरणीला अठरा ते वीस आठवड्यांच्या सुमारास, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला थोडी आधी. या हालचालीला एके काळी कायद्यात मोठे स्थान होते. १८६० च्या दंडसंहितेत गर्भपाताची शिक्षा तीन वर्षांपर्यंत आणि गर्भ फिरू लागल्यावर सात वर्षांपर्यंत, असा भेद होता. म्हणजे बाईला आतून जे कळते तेच मोजमाप.

आज मोजमाप यंत्राचे. १९५८ साली ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांनी ध्वनिलहरींनी पोटातले चित्र दाखविले, आणि आता सोनोग्राफी तालुक्याच्या गावी आली. तिच्याविषयी एकच गोष्ट ध्यानात ठेवा : ती जितकी लवकर तितकी खरी. पहिल्या तीन महिन्यांत गर्भाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजतात. त्यात चूक पाचसात दिवसांची. शेवटच्या तीन महिन्यांत तीच चूक तीन आठवड्यांपर्यंत जाते, कारण तोवर प्रत्येक मूल आपापल्या अंगलटीने वाढू लागलेले असते. उशिरा केलेली सोनोग्राफी आणि बाईने खूण करून ठेवलेली तारीख यांत मी तारखेवर भिस्त ठेवीन, आणि शहाणे डॉक्टरही ठेवतात.

एवढे कळल्यावर बाईने काय करावयाचे? येथे मी थोडा थांबतो, कारण येथेच सगळे शहाणे तिला उपदेश करावयास धावतात. ठेव म्हणणारे धावतात आणि पाड म्हणणारेही. संघटनेने या दोहोंपैकी काहीच म्हणू नये असे माझे ठाम मत आहे. मार्ग कोणते ते सांगावे, तिच्याबरोबर दवाखान्यात जावे, आणि ती सांगेल ते करून देण्यासाठी भांडावे.

पहिला मार्ग गर्भपाताचा. तो गुन्हा आहे अशी समजूत अजून जागोजाग आढळते. १९६४ साली सरकारने समिती नेमली. तिचे अध्यक्ष शांतिलाल शहा, आपल्याच महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री. त्यांच्या अहवालावरून १९७१ चा कायदा झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. २०२१ साली त्यात दुरुस्ती झाली. आजची स्थिती अशी : वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टराचे मत पुरे. वीस ते चोवीस आठवड्यांत दोन डॉक्टरांचे मत, आणि तेही नियमात सांगितलेल्या स्त्रियांसाठी : अत्याचाराला बळी पडलेल्या, अज्ञान मुली, गरोदरपणातच वैधव्य किंवा घटस्फोट आलेल्या, अपंग, मनोरुग्ण, आपत्तीत सापडलेल्या, किंवा गर्भात गंभीर व्यंग असलेल्या. चोवीसच्या पुढे व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळ ठरविते. बाईचा जीवच वाचवावयाचा असेल तर आठवड्यांची अट नाही. गर्भनिरोधक साधन फसले हे कारण वीस आठवड्यांपर्यंत कायद्याला मान्य आहे. पूर्वी ते ‘विवाहित स्त्री आणि तिचा पती’ यांच्यापुरते होते, २०२१ पासून ‘कोणतीही स्त्री आणि तिचा जोडीदार’ असे झाले. आणि २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की वीस ते चोवीस आठवड्यांच्या नियमातही अविवाहितेला वगळता येणार नाही.

आता सही कोणाची? सज्ञान बाई असेल तर तिची एकटीची. नवऱ्याची नव्हे, सासऱ्याची नव्हे. अठरा वर्षांखालील किंवा मनोरुग्ण असेल तरच पालकाची. हे मी इतक्या मोठ्याने सांगतो त्याला कारण आहे. तीन मुलांची एक आई, धाकटे अकरा महिन्यांचे, अंगावर पिणारे. पाळी आलेलीच नव्हती. पौषात पोट हाताला लागले तेव्हा आमच्या एक कार्यकर्त्या बाई तिला कारखान्याजवळच्या एका दवाखान्यात घेऊन गेल्या. सतरा आठवडे दोन दिवस. तिला मूल नको होते, तिचा विचार पक्का होता. दवाखान्याने सांगितले, नवऱ्याची सही आणा. नवरा उसाची गाडी घेऊन कारखान्याच्या रांगेत, तीन दिवस. तो आला तर रविवार. सोमवारी म्हणाले, येथे होत नाही, दुसरीकडे जा. दुसरीकडे यंत्र बंद. तेथून जिल्ह्याला. तेथल्या डॉक्टरीणबाईंनी काम केले तेव्हा एकोणीस आठवडे तीन दिवस झाले होते. पंधरा दिवस गेले ते बाईच्या विचारात गेले नाहीत, एका सहीत आणि दोन दारांत गेले. आणखी पाच दिवस गेले असते तर एका डॉक्टराच्या मताने भागले नसते. परत आली तर मुकादमाच्या वहीत सहा दिवसांचा खाडा, दिवसाला पाचशे, म्हणजे उचलीवर तीन हजार चढलेले. भांडून आम्ही तो निम्म्यावर आणला.

दिवस थोडे असताना हेच काम किती सोपे असते! नऊ आठवड्यांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्यांनी होते. बारा आठवड्यांपर्यंत हातपंपाने पिशवी मोकळी करता येते, त्यास फार वेळ लागत नाही. सरकारी दवाखान्यात हे मोफत मिळावयाचे असते. परंतु दारे बंद दिसली की माणसे औषधाच्या दुकानाकडे वळतात. २०१५ साली आपल्या देशात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले असा अंदाज ‘लॅन्सेट’च्या नियतकालिकात २०१८ साली आला. त्यातले जवळजवळ तीन चतुर्थांश दवाखान्याबाहेर, गोळ्या घेऊन. मी त्या गोळ्यांना विष म्हणणार नाही. दिवस नीट मोजून, डॉक्टराला दाखवून घेतल्या तर त्या सुरक्षित आहेत. भीती आहे ती न मोजता घेण्याची. बाई ‘दीड महिना’ म्हणते आणि असतात तेरा आठवडे. मग रक्त थांबत नाही, आणि फडापासून डांबरी रस्ता दोन मैल. शिवाय गर्भ पिशवीऐवजी नळीत राहिला असेल तर या गोळ्यांनी काही होत नाही, आणि नळी फुटली तर जीव जातो. दोन तास सलग, तासाला दोन-दोन घड्या पूर्ण भिजत असतील, चक्कर येत असेल, ताप असेल, एका बाजूला असह्य दुखत असेल, तर पहाटेची वाट पाहू नये. गोळी घेतली हे डॉक्टरापासून लपवूही नये.

गर्भलिंग पाहून मुलगी पाडणे हा वेगळा आणि नीच गुन्हा आहे, हे कोणाला शंका राहू नये म्हणून सांगून टाकतो. महाराष्ट्राने त्याविरुद्ध १९८८ साली देशात प्रथम कायदा केला, देशाचा कायदा १९९४ चा. २०११ च्या शिरगणतीत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालील हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. तो कायदा हवाच. पण त्याच्या धाकाने काही दवाखाने कोणत्याच बाईला दारात उभे करीत नाहीत, हा कोठला न्याय? नऊ आठवड्यांच्या गर्भाचे लिंग सोनोग्राफीत दिसतच नाही.

दुसरा मार्ग मूल ठेवण्याचा. हाही फडात सोपा नाही. पोटुशी बाई मोळी घेऊन फळीवरून गाडीवर चढू शकत नाही, म्हणजे पुरा कोयता उरत नाही, म्हणून मुकादम आणि कधी नवराही तिला खाली करायला लावतात. तिच्या संमतीवाचून गर्भपात करणे हा भारतीय न्याय संहितेप्रमाणे दहा वर्षांपर्यंतच्या कैदेचा, नव्हे जन्मठेपेपर्यंतचा गुन्हा आहे. मूल ठेवावयाचे असेल तर तारखेची गरज उलट वाढते. १० मेची पाळी असेल तर बाळंतपण १७ फेब्रुवारीला, ऐन हंगामात, परगावी. १० ऑगस्टची असेल तर गावी परतल्यावर. पहिल्या बाईने उचल घेण्यापूर्वीच विचार करावयास हवा. गावच्या आशाताईंकडे नोंद, माता-बाल संरक्षण कार्ड बरोबर, आणि जेथे कोपी पडेल तेथल्या केंद्रात ते दाखविणे. त्या कार्डावर शेवटच्या पाळीच्या तारखेची ओळ असते. प्रधानमंत्री मातृवंदनेचे पैसेही त्याच नोंदीवरून.

तिसरा मार्ग थोड्याजणी घेतात, पण तो माहीत असावा. दिवस फार पुढे गेले, आणि मूल वाढविणे शक्य नाही, तर जन्मानंतर बाल कल्याण समितीपुढे मूल कायदेशीर सुपूर्द करता येते. २०१५ च्या कायद्याने विचार बदलण्यास साठ दिवसांची मुदत आहे, आणि आईचे नाव बाहेर फुटावयाचे नाही. जोतीराव फुल्यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले ते अशाच बायांसाठी. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले तेव्हा त्यांना लोकांनी काय म्हटले नाही! आणि १० नोव्हेंबर १९३८ रोजी बाबासाहेबांच्या पक्षाचे रोहम यांनी मुंबईच्या विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला तेव्हा तो फेटाळला गेला. कामगारांच्या पक्षाने हा प्रश्न आपला मानला होता, ही गोष्ट आमच्याच चळवळीतले पुष्कळ लोक विसरले आहेत.

आता आमच्या मागण्या, आणि मी संपवितो. कारखान्यात मस्टरवर असलेल्या बाईला गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा १९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्याने होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत ती कायम आहे. ती मागणारी बाई मी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी पाहिली. ऊसतोडीच्या बाईला मस्टरच नाही, तेव्हा रजा कोठून? म्हणून आमचे म्हणणे असे की करारात लेखी यावे : दवाखान्याच्या दिवसाला खाडा नाही. प्रत्येक टोळीमागे एका बाईपाशी तपासणीच्या पट्ट्या असाव्यात. आणि दसऱ्याला टोळ्या निघण्यापूर्वी गावागावांत आम्ही बायकांची बैठक घेतो, तीत प्रत्येकीला खिशात मावेल अशी दिनदर्शिका देतो. पाळी आली की त्या तारखेवर काजळाचे बोट टेकवायचे. लिहिता येत नसले तरी चालते.

काही दिनदर्शिका मी बरोबर आणल्या आहेत. आमच्या कार्यकर्त्या बाई मागच्या दाराशी बसल्या आहेत, भगिनींनी त्यांच्याकडून घ्याव्यात, आणि कोणास काही विचारावयाचे असेल तर माझ्यापेक्षा त्यांनाच विचारावे. पुरुषांचे प्रश्न मी येथे घेतो, अध्यक्षमहाराजांची परवानगी असेल तर.